रॉकेट वर जाताना मोडत नाही

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी गॅरेजमध्ये प्लायवुडच्या एका चकतीवर उभा होतो. चकती मोठ्या पुरीएवढी, सहा मिलिमीटर जाड, जाड पुठ्ठ्याच्या उभ्या नळीवर झाकणासारखी ठेवलेली. एक पाय चकतीवर, दुसरा हवेत, हात वर्कबेंचला. बायको चहा घेऊन दारात आली, क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "पडलास तर मला हाक मारू नकोस."

चकती मोडली नाही. माझं वजन ७८ किलो आहे, आणि त्या चकतीला नेमका तेवढ्याच वजनाचा माणूस हवा होता. का, ते पुढे येईलच.

मी मूळचा मशीन शॉपमधला. भोसरीत काही वर्षं जिग-फिक्श्चर (मशीनवर काम पकडायची साधनं) काढण्यात गेली, आता अमेरिकेत नोकरी आहे आणि शनिवार-रविवार रॉकेटं. माणसं घेऊन जाणारी नव्हेत, छंदाची. तरी 'मॉडेल रॉकेट' म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे खेळणं येतं, त्याच्यापेक्षा बरीच मोठी. माझं सध्याचं रॉकेट चार इंच व्यासाचं, साडेतीन किलोचं आहे आणि उभं केलं की माझ्या खांद्याला लागतं. त्यातले निम्मे पार्ट विकत घेतले, निम्मे स्वतः काढले. हे स्वतः काढलेले पार्ट कसे ठरतात, कसे बनतात आणि कसे मोडतात, ते सांगायला हा लेख.

एच अक्षराच्या पुढे

आधी 'हाय-पॉवर' कशाला म्हणतात ते. रॉकेटच्या मोटरला (इंजिन म्हणू नका, छंदातली जुनी माणसं लगेच दुरुस्त करतात) इंग्रजी अक्षराचं नाव असतं. मोटर जळून संपेपर्यंत एकूण किती ढकलते, म्हणजे जोर गुणिले वेळ, ते त्या अक्षरावरून कळतं. 'ए' मोटर अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, 'बी' पाच, 'सी' दहा. प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट. या हिशोबाने 'जी' १६० न्यूटन-सेकंदांवर संपते आणि 'एच'पासून हाय-पॉवर सुरू होतं. रॉकेटचं वजन दीड किलोच्या वर गेलं किंवा इंधन १२५ ग्रॅमच्या वर गेलं, तरीही ते हाय-पॉवरच धरतात.

अक्षरापुढचा आकडा सरासरी जोर सांगतो. माझ्या रॉकेटमध्ये 'जे ३५०' बसते: जे वर्गातली, सरासरी ३५० न्यूटन जोराची. एकूण साधारण ७०० न्यूटन-सेकंद. म्हणजे मोटर जळते फक्त दोन सेकंद! त्या दोन सेकंदांसाठी तीन महिने गॅरेजमध्ये घालवायचे, असा हा छंद.

अमेरिकेत हे सगळं दोन संस्थांच्या नियमांनी चालतं: १९५७ साली सुरू झालेली नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रायपोली रॉकेट्री असोसिएशन. पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र मिळालं की एच आणि आय, दुसऱ्या पातळीला लेखी परीक्षा दिली की जे, के, एल, आणि तिसऱ्या पातळीनंतर एम, एन, ओ. प्रमाणपत्र मिळवायचं तर जाणकारांसमोर रॉकेट उडवून धडपणे खाली आणून दाखवावं लागतं. 'धडपणे' हा शब्द लक्षात ठेवा. शिवाय उड्डाणासाठी विमान वाहतूक खात्याची, म्हणजे एफएएची, आधी परवानगी लागते.

मोटर आम्ही बनवत नाही. तपासणी होऊन मान्यता मिळालेली मोटर विकत घेतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुण्याहून भाच्याचा फोन आला की त्याचा पहिला प्रश्न असतो, "मामा, फटाक्यांची दारू काढून चालेल का?" चालणार नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय स्फोटकं बनवणं हा कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी मोटर फुटण्याची गंमत हाताची बोटं शाबूत असलेल्यांनाच वाटते. हा लेख मोटर सोडून बाकीच्या रॉकेटबद्दल आहे.

कुठला पार्ट, कधी, कुठल्या दिशेला

नवशिक्याला वाटतं, रॉकेटवर सगळ्यात जास्त ताण उडताना येतो. आग, धूर, आवाज, सगळं तेव्हाच असतं ना! मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या रॉकेटमध्ये मी मोटर धरणारा भाग असा काही मजबूत केला होता की वरून ट्रक गेला तरी चाललं असतं. ते रॉकेट झकास वर गेलं आणि पॅराशूट उघडताना मोडलं.

जरा आकडे मांडून बघू. मोटर ३८ मिलिमीटर व्यासाच्या नळीत बसते. ही आतली नळी बाहेरच्या चार इंची नळीच्या मधोमध धरायला प्लायवुडच्या कड्या असतात, त्यांना सेंटरिंग रिंग म्हणतात. मोटरचा सगळा जोर या कड्यांच्या चिकटवलेल्या काठांतून रॉकेटला लागतो. ३५० न्यूटन म्हणजे साधारण ३५ किलो वजन. एकाच कडीने हा भार घेतला असं धरू. आतल्या नळीचा बाहेरचा व्यास ४२ मिलिमीटर, कडी ६ मिलिमीटर जाड, म्हणजे इपॉक्सी गोंद लागलेलं क्षेत्रफळ जवळपास ८ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला साडेचार किलोसुद्धा येत नाहीत. नीट घासून, पुसून लावलेलं इपॉक्सी याच्या दहापट तरी सहज धरतं. आणि माझ्या रॉकेटमध्ये अशा तीन कड्या आहेत. वर जाण्याचा प्रश्न इथेच मिटला.

आता उड्डाणाच्या शेंड्यावर काय होतं बघू. दोन क्षणांची मोटर विझली की रॉकेट नुसत्या वेगावर वर जात राहतं. माझं साधारण ९०० मीटरपर्यंत जातं. तिथे वेग जवळजवळ शून्य होतो, आणि नेमक्या त्या वेळी रॉकेट मधून उघडून छोटं पॅराशूट बाहेर पडायला हवं. मोठं पॅराशूट इतक्या वर उघडलं तर वारा रॉकेटला तीन शेतं पलीकडे नेऊन टाकेल, म्हणून ते खाली २०० मीटरवर आल्यावर उघडायचं. हे कधी करायचं ते अल्टिमीटर नावाचं छोटं सर्किट हवेच्या दाबावरून ठरवतं. रॉकेट उघडण्याचं काम मात्र काळ्या दारूची चिमूटभर पूड करते. ती पेटली की नळीत वायू भरतो, दाब वाढतो, आणि नळीचे दोन भाग एकमेकांपासून सुटतात.

हा दाब साधारण एक वातावरण जास्तीचा धरतात. एक वातावरण म्हणजे ढोबळमानाने दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. नळीचा आतला व्यास ९९ मिलिमीटर, म्हणून आडव्या चकतीचं क्षेत्रफळ ७७ चौरस सेंटिमीटर. म्हणजे चकतीवर ७७ किलो! मोटरच्या जोराच्या दुपटीहून जास्त, तेसुद्धा एका फटक्यात, आणि अशा चकतीवर जिच्यामागे सगळं इलेक्ट्रॉनिक्स बसलंय. बायकोने मला ज्या चकतीवर उभं बघितलं, ती हीच. तिला बल्कहेड म्हणतात. मधोमध पाय ठेवला की ताण सारख्या पसरलेल्या दाबापेक्षा जास्तच येतो, त्यामुळे ती माझ्याखाली टिकली तर वायूच्या दाबाखालीही टिकेल असा माझा हिशोब.

पण खरा घाव त्याच्याही नंतर बसतो. सुटलेले दोन भाग लांब दोरीने, म्हणजे शॉक कॉर्डने, एकमेकांना बांधलेले असतात. समजा एक किलोचा वरचा भाग सेकंदाला १० मीटर वेगाने सुटला. दोरी ताणली गेली की तो थांबणार. किती अंतरात थांबतो, त्यावर सगळं आहे. गतिज ऊर्जा भागिले थांबण्याचं अंतर, एवढंच गणित. दोरी अजिबात न ताणणारी असेल आणि भाग पाच सेंटिमीटरमध्ये थांबला, तर १००० न्यूटनचा, म्हणजे शंभर किलोचा हिसका. तीच दोरी ताणत ताणत अर्ध्या मीटरमध्ये थांबवत असेल, तर फक्त दहा किलो. म्हणून दोरी रॉकेटच्या तिप्पट-चौपट लांब ठेवतात आणि जाता जाता वेग कमी व्हावा म्हणून तिच्या घड्या घालून मास्किंग टेपने हलक्या चिकटवतात. एकेक टेप फाटताना थोडी थोडी ऊर्जा खाते. दहा रुपयांच्या टेपचा असा उपयोग शोधणाऱ्याला माझा नमस्कार.

शेवटचा फटका जमिनीचा. मोठ्या पॅराशूटखाली रॉकेट सेकंदाला पाच-सहा मीटरने उतरतं आणि बहुतेक वेळा शेपटीकडून टेकतं. पंख रॉकेटच्या मागे निघालेले असतील तर सगळा भार त्यांच्या टोकावर. चित्रात असे मागे वळलेले पंख फार ऐटबाज दिसतात, आणि इथली शेतं डिसेंबरमध्ये गोठून काँक्रीटसारखी झालेली असतात. मी आता पंखांची मागची कड शेपटीच्या दोन सेंटिमीटर पुढे संपवतो. ऐट गेली, पंख राहिले.

तर कुठलाही पार्ट काढायला बसलो की कागदावर पहिल्यांदा हेच लिहितो: याला कोण ओढणार, कुठल्या दिशेला, आणि कधी. वर जाताना, उघडताना, दोरी ताणताना, टेकताना. चार वेळा, चार वेगवेगळ्या दिशांना.

शेपटीत वजन टाकताना

रॉकेट सरळ का जातं, हे दिवाळीच्या बाणाला विचारा. त्याची काडी मोडून बाण सोडला तर तो गल्लीत कोणाच्या गॅलरीत शिरेल सांगता येत नाही. काडी मागे असते, हवा तिला बाजूने ढकलते आणि बाणाचं तोंड पुन्हा पुढे येतं. आमच्या रॉकेटला काडीऐवजी पंख असतात. नियम एवढाच: हवेचा बाजूचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू, म्हणजे दाबकेंद्र, गुरुत्वमध्याच्या मागे हवा. किती मागे? निदान रॉकेटच्या एका व्यासाएवढा. माझ्या रॉकेटला म्हणजे दहा सेंटिमीटर.

दाबकेंद्र काढण्याची सोपी समीकरणं जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये छंदवाल्यांसमोर मांडली, आणि आजही आमची सगळी सॉफ्टवेअर त्यांच्यावरच उभी आहेत. 'ओपनरॉकेट' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर फिनलंडच्या सॅम्पो निस्कानेन यांच्या २००९ च्या पदव्युत्तर प्रबंधातून आलं. त्यात नळी, शेंडा, पंख, वजनं भरली की दोन्ही बिंदू दिसतात आणि उड्डाणाचा अंदाजही मिळतो. गुरुत्वमध्य तपासायला मात्र सॉफ्टवेअर नकोच: मोटर भरलेलं रॉकेट दोरीच्या फासात आडवं टांगा, जिथे तोल साधतो तो गुरुत्वमध्य.

स्वतः पार्ट काढणारा इथेच फसतो. समजा मला सुचलं, तीन पंख आणि त्यांना धरणारी कड असा अख्खा शेपटीचा भाग एकत्र प्रिंट करू. सुबक दिसेल, पंख सरळ बसतील. पण तो आधीच्यापेक्षा १५० ग्रॅमने जड निघाला आणि गुरुत्वमध्यापासून ७० सेंटिमीटर मागे बसला. गुरुत्वमध्य किती मागे सरकला? ०.१५ गुणिले ७००, भागिले नवं वजन ३.६५. उत्तर २९ मिलिमीटर. दहा सेंटिमीटरांच्या राखीव अंतरातले तीन सेंटिमीटर एका देखण्या पार्टने खाल्ले. भरून काढायचे तर शेंड्यात शिसं किंवा गोट्या भरा, म्हणजे आणखी वजन, म्हणजे उंची कमी. म्हणून शेपटीतल्या प्रत्येक पार्टला मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो. तो काटा आता गॅरेजमध्येच असतो; घरात नवा आलाय.

पंखांबद्दल आणखी एक गोष्ट. एसटी ठरावीक वेगाला आली की खिडकीची एखादी काच थरथरायला लागते, तसंच पातळ पंखाचं होतं. फरक असा की इथे हवाच थरथरीला खतपाणी घालते: पंख पिळला की हवा त्याला आणखी पिळते, आणि पापणी लवायच्या आत पंख तुटून जातो. याला फ्लटर म्हणतात. क्षेपणास्त्रांच्या पंखांसाठी नासाच्या आधीच्या 'नाका' या संस्थेने १९५८ मध्ये एक अहवाल काढला होता, आणि आम्ही छंदवाले अजून त्यातलंच सूत्र वापरतो. लक्षात ठेवण्यासारखं त्यात एवढं: पंखाची जाडी निम्मी केली तर तो सुरक्षितपणे सोसू शकतो तो वेग निम्मा होत नाही, जवळपास एक-तृतीयांशावर येतो. वजन वाचवायला पंख तासणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. मी तीन मिलिमीटरची फायबरग्लासची पाटी वापरतो. ती कापताना मास्क लावा. तिची धूळ फुप्फुसात गेलेली चांगली नाही.

पदर सुटलेली पोळी

आता माझ्या आवडत्या पार्टकडे येऊ. रॉकेटच्या दोन नळ्या जोडणाऱ्या आतल्या नळीला कपलर म्हणतात. दोन्ही तोंडांना बल्कहेड, आत अल्टिमीटर आणि बॅटरी. दोन्ही बल्कहेडमधून दोन लांब आटेदार सळ्या आरपार जातात आणि नट आवळून सगळं एकत्र धरतात. दोरीचा हिसका आय-बोल्टमधून (डोक्याला कडी असलेला बोल्ट) बल्कहेडला आणि तिथून या सळ्यांना जातो. आत सळ्यांवर सरकणारी जी फळी असते, जिच्यावर सर्किट बसवतात, तिला स्लेड म्हणतात. ही स्लेड बाजारात मिळते, पण प्रत्येकाचं सर्किट वेगळं, बॅटरी वेगळी, सळ्यांमधलं अंतर वेगळं. त्यामुळे थ्री-डी प्रिंटर घेतलेला प्रत्येक जण पहिल्यांदा हीच काढतो. मीही काढली.

पहिली स्लेड मी प्रिंटरवर उभी ठेवून छापली. तशी छापली की आधार लागत नाही, पृष्ठभाग गुळगुळीत येतो. छापून झाल्यावर हातात घेतली तर दगडासारखी वाटली. पहिल्याच उड्डाणात मोठं पॅराशूट उघडलं, रॉकेट सुखरूप खाली आलं, मी खूश. कपलर उचलला तर आत खडखड. नट काढून बघतो तर स्लेड बॅटरीच्या कप्प्याच्या बुडाशी सरळ आडवी तुटलेली, आणि बॅटरी वायरला लोंबकळतेय. वायर तुटायच्या आधी दोन्ही पॅराशूट सुटली होती, एवढंच नशीब.

प्रिंटर प्लास्टिकचे पातळ थर एकावर एक रचतो. थराच्या दिशेत प्लास्टिक सलग, थराथरांमध्ये नुसतं चिकटलेलं. घडीच्या पोळीसारखं समजा: आडवी ओढली तर चिवट, पण पदर सुटायला वेळ लागत नाही. माझ्या उभ्या स्लेडचे पदर सळीला आडवे होते, आणि हिसका नेमका सळीच्या दिशेने. नऊ व्होल्टची बॅटरी ४५ ग्रॅमची. शंभरपट हिसक्यात तिचं वजन साडेचार किलो होतं. साडेचार किलो एका पातळ कप्प्याला लटकवलं तर पदर सुटणारच.

दुसरी स्लेड आडवी छापली, थर लांबीच्या दिशेने. कप्प्याच्या कोपऱ्यातली काटकोनी खाच काढून तिथे तीन मिलिमीटरची गोलाई दिली, कारण चीर नेहमी कोपऱ्यातून सुरू होते. बॅटरीची दिशाही फिरवली. आधी हिसका बसला की बॅटरी कनेक्टरपासून ओढली जायची. आता ती कप्प्याच्या बंद भिंतीवर दाबली जाते. वर दोन झिपटाय. झिपटायवर माझा प्रिंटरपेक्षा जास्त विश्वास आहे.

दुसरी तुटली नाही, वाकली. ती पीएलए प्लास्टिकची होती. छापायला सगळ्यात सोपं, पण साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. जुलैत काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, काळ्या रंगाच्या नळीत, तेवढी उष्णता सहज होते. मैदानावर पोचून उघडली तर सळीची भोकं लांबट झालेली. तिसरी पीईटीजीची केली, ते ऐंशीच्या आसपासपर्यंत तग धरतं. एएसए त्याहूनही पुढे, शंभराच्या घरात, पण छापताना कोपरे उचलतात आणि वासही येतो.

माप घेण्याबद्दल थोडं सांगतो, कारण भोसरीतून आलेल्या माणसाला यात सगळ्यात मोठा धक्का बसला. तिथे आम्ही शतांश मिलिमीटरवर भांडायचो. इथे पुठ्ठ्याची नळी व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजली: ९८.९, ९९.२, ९९.०. दमट हवेत तीच नळी आणखी फुगते. अशा नळीसाठी ड्रॉइंगवर ९९.०० लिहिणं म्हणजे स्वतःचीच चेष्टा. त्यापेक्षा पूर्ण पार्ट छापण्याआधी फक्त पाच मिलिमीटर उंचीच्या तीन कड्या छापायच्या: ९८.५, ९८.७, ९८.९. दहा-पंधरा मिनिटांत होतात. नळीत घालून बघायचं, कुठली अडकते, कुठली डुगडुगते. जी सरकते पण डुगडुगत नाही, तिचं माप खरं. थोडी ढिली राहिलीच तर मास्किंग टेपचा एक वेढा. पंखांचा आकारही आधी खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापून नळीला टेपने चिकटवतो आणि दोन दिवस तसाच ठेवतो. येता-जाता डोळ्यांना चूक दिसते, जी स्क्रीनवर दिसली नव्हती.

अल्टिमीटरला बाहेरची हवा कळायला हवी, म्हणून कपलरला भोकं लागतात. जुना अंगठानियम असा: आतल्या दर शंभर घन इंचांना, म्हणजे साधारण १.६ लिटरला, पाव इंचाचं एक भोक. माझ्या कपलरमध्ये दीड लिटर हवा मावते, म्हणजे एक भोक पुरे. पण एकच भोक असलं आणि नेमका त्या बाजूने वारा लागला, तर सर्किटला खोटा दाब दिसेल. म्हणून तेवढ्याच क्षेत्रफळाची तीन भोकं सारख्या अंतरावर पाडायची, प्रत्येक साधारण ३.७ मिलिमीटरचं. भोकाच्या कडेला राहिलेला कूस पॉलिश कागदाने घासून काढायचा. आणि बल्कहेडमधून दारूकडे वायर जाते ते भोक मात्र पुट्टीने घट्ट बंद करायचं. तिथून वायू आत आला तर सर्किटला वाटेल रॉकेट अचानक जमिनीवर आलं.

नायलॉनचे तीन स्क्रू

शेंड्याचं टोपण, म्हणजे नोझ कोन, नळीत नुसतं बसवून चालत नाही. जमिनीवर नळीत कोंडलेली हवा ९०० मीटरवर पोचते तेव्हा बाहेरचा दाब साधारण दहा टक्क्यांनी कमी झालेला असतो. आतली हवा टोपणाला आठ किलोच्या जोराने बाहेर ढकलते. टोपण तिथेच सुटलं तर मोठं पॅराशूट ९०० मीटरवर उघडणार आणि रॉकेट शोधायला गाडी काढावी लागणार. नळीला एक बारीक भोक पाडून ही हवा हळूहळू जाऊ देता येते. पण लहान पॅराशूट सुटतानाचा हिसकाही टोपणाला बाहेर फेकू बघतो. अर्ध्या किलोचं टोपण, पन्नासपट हिसका, म्हणजे पंचवीस किलो.

म्हणून दोन-सव्वादोन मिलिमीटर जाडीचे नायलॉनचे स्क्रू नळीतून टोपणाच्या गळ्यात घालतात. प्रत्येक साधारण पंधरा किलोला कापला जातो. तीन घातले तर पंचेचाळीस. पंचवीसला धरायचं, सत्त्याहत्तरला तुटायचं: मध्ये बरोबर बसतो. मोडण्यासाठीच डिझाइन केलेला हा माझा एकमेव पार्ट, आणि सगळ्यात कमी त्रास देणाराही तोच. त्रास दिला तो पुठ्ठ्याने. स्क्रू कापला जाण्याऐवजी भोकच फाटत गेलं. भोकाभोवती पातळ सायनो (झटकन चिकटणारा) गोंद जिरवून पुठ्ठा कडक केल्यावर नायलॉन सुरीने कापल्यासारखं तुटायला लागलं.

हे कळलं जमिनीवरच्या चाचणीत. रॉकेट आडवं ठेवून, पॅराशूट आत भरून, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून, क्लबमधल्या अनुभवी माणसांसमोर लांबून फक्त उघडण्याची चाचणी घ्यायची. फट्ट आवाज, टोपण गवतावर आठ-दहा फूट घरंगळतं, दोरी पूर्ण उलगडते. उलगडली नाही तर हिशोब पुन्हा. ही चाचणी न करता उडवणारे लोक आहेत. त्यांच्या रॉकेटचे तुकडे मैदानावर सापडतात, बहुतेक टोकाकडून जमिनीत रुतलेले.

साहित्याची एक मर्यादा आहे: सुरक्षेच्या नियमानुसार कागद, लाकूड, प्लास्टिक, फायबरग्लास असं हलकंच वापरायचं, आणि अगदी गरज असेल तिथेच लवचिक धातू. मशीन शॉपच्या माणसाला सुरुवातीला हे खटकतं. हात सारखा ॲल्युमिनियमच्या बारकडे जातो. पण एखादं रॉकेट पॅराशूट न उघडता खाली येताना एकदा बघितलं, की त्याच्या शेंड्यात धातूचा गोळा असावा असं कोणालाच वाटत नाही.

चौथी स्लेड मार्चमध्ये उडाली. कापणी झालेलं मक्याचं शेत, जेमतेम वारा, रॉकेटला सरळ सोडणारी आठ फुटी रेल. बटण दाबल्यावर रॉकेट दिसेनासं व्हायला चार सेकंद पुरले. वर बारीक धुराचा ठिपका उमटला तेव्हा कळलं, पहिलं पॅराशूट सुटलं. दुसरं सुटल्याचं सगळ्यांनी बघितलं. मी चिखल तुडवत पोचलो तेव्हा कपलरमधून अल्टिमीटर पिकपिक करत उंची सांगत होता. आठ वेळा, थांबून सात वेळा, थांबून चार वेळा. ८७४ मीटर. सॉफ्टवेअरने ९१५ सांगितली होती.

घरी येऊन नट काढले. स्लेडला चीर नाही, भोकं गोल, बॅटरी जागच्या जागी. फक्त खालच्या बल्कहेडच्या आतल्या बाजूला, वायरच्या भोकापासून निघालेला काजळीचा एक करडा पट्टा. बोट फिरवलं तर बोट काळं झालं. पुट्टी एका बाजूने सुटली होती. कागद घेतला, वर पाच आकडा लिहिला आणि त्या भोकाभोवती दोन मिलिमीटरची उभी कड काढली, पुट्टीला धरायला.